कानातला आवाज : बेदाणा, चहा आणि गोळ्यांवरचा आळ कितपत खरा?

सांगली - रात्री वीज जाते, पंखा थांबतो आणि घरात शांतता पसरते. काहींच्या कानात मात्र नेमक्या त्याच क्षणी रातकिडे किरकिरू लागतात. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला कुकरची वाफ, तर कोणाला दूरवर चाललेल्या मोटारपंपाची घरघर. बाहेर कोणताही ध्वनी नसताना ऐकू येणाऱ्या या आवाजाला वैद्यकशास्त्रात 'टिनिटस' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'कर्णनाद' हा फार जुना शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यात कर्णनादाचा समावेश आहे. मशीनयुगाच्या कितीतरी आधीपासून माणसाचे कान वाजत होते, याची ती नोंदच म्हणायची.

२०२२ साली 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात जगभरातील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कर्णनादाचा अनुभव आलेला असतो आणि सुमारे दोन टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. हा आवाज रोज सारखा नसतो. चार दिवस तो मागे पडतो, पाचव्या दिवशी अचानक उचल खातो. मग स्वाभाविकपणे प्रश्न पडतो : काल काय खाल्ले होते?

या प्रश्नाभोवती पथ्यांची एक लांबलचक यादी तयार झाली आहे. चहा नको, कॉफी नको, लोणचे-पापड नको, टोमॅटो नको, द्राक्षे नकोत, बेदाणा नको, इतकेच काय, हळदही नको. ही यादी हातोहात फिरते, मोबाइलवरून फिरते आणि औषधांच्या दुकानात तिच्या जोडीला एखादी महागडी बाटलीही मिळते. यादी पाळता पाळता माणूस जेवणाला घाबरू लागतो आणि मूळ दुखणे तसेच राहते. आजवरच्या संशोधनाचा कौल पाहता बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ताटातले पदार्थ निर्दोष आहेत. पूरक गोळ्यांचा उपयोग फारच थोड्यांना आहे. ताण, जागरण आणि मोठा आवाज यांच्यावरील आरोप मात्र बराच टिकणारा आहे.

आवाज येतो कोठून?

आंतरकर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनिलहरींचे विद्युत-संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्या करतात. वय, मोठा आवाज, काही औषधे किंवा जंतुसंसर्ग यांमुळे या पेशी नष्ट झाल्या, तर माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो आणि मेंदू तो भरून काढण्यासाठी आपली संवेदनक्षमता वाढवतो. आकाशवाणीचे केंद्र नीट लागत नसेल तर आपण रेडिओचा आवाज वाढवतो आणि गाण्याऐवजी खरखर मोठी होते, तसाच हा प्रकार. म्हणून पुष्कळशा रुग्णांत कर्णनादाबरोबर थोडीफार श्रवणहानी आढळते, मग ती त्यांच्या ध्यानात आलेली असो वा नसो.

निरोगी कानही अगदी गप्प नसतात. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते विचारले. त्यांतील ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. फरक असतो तो मेंदू त्या आवाजाला किती महत्त्व देतो यात. ताणाचा मुद्दा पुढे येईल तेव्हा हा तपशील उपयोगी पडेल.

बेदाणा आणि हळदीचे गणित

तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद ही या जिल्ह्याची ओळख. दोहोंनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हळदीला ते २०१८ साली मिळाले. त्यामुळे कर्णनादाच्या पथ्ययादीत नेमके हेच दोन पदार्थ का असावेत, हे येथील वाचकाला जाणून घ्यावेसे वाटेल. त्याचे मूळ ॲस्पिरिनमध्ये आहे.

ॲस्पिरिन शरीरात गेल्यावर त्यापासून सॅलिसिलेट तयार होते. सॅलिसिलेटची मात्रा मोठी झाली की कान वाजू लागतात, हे एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत आहे. संधिवातावर ॲस्पिरिन हाच प्रमुख उपाय होता त्या काळी काही डॉक्टर रुग्णाच्या कानात आवाज येईपर्यंत मात्रा वाढवत आणि मग थोडी कमी करत. कर्णनाद हाच त्यांचा मापदंड होता. औषध थांबवले की हा आवाज बहुधा दोन-तीन दिवसांत विरतो.

सॅलिसिलेट निसर्गातही आहे. झाडे कीड आणि रोगापासून स्वतःच्या संरक्षणासाठी ते तयार करतात. १९८५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ३३३ खाद्यपदार्थांतील सॅलिसिलेटचे प्रमाण मोजून प्रसिद्ध केले. त्यात सुकवलेली द्राक्षे आणि मसाल्याचे पदार्थ वरच्या रांगेत होते. शंभर ग्रॅम बेदाण्यात साधारण ६ ते ८ मिलिग्रॅम आणि शंभर ग्रॅम हळदपुडीत सुमारे ७६ मिलिग्रॅम असे ते आकडे होते. (नंतरच्या काही प्रयोगशाळांना पुष्कळ पदार्थांत याहून कमी प्रमाण आढळले.) ॲस्पिरिनने कान वाजतात, बेदाण्यात ॲस्पिरिनचा भाऊबंद आहे, म्हणून बेदाण्याने कान वाजतात, असा निष्कर्ष यावरून काढला गेला.

मात्रेचा हिशेब केला की हा निष्कर्ष कोसळतो. सॅलिसिलेटमुळे कान वाजण्यासाठी सामान्यतः दिवसाला काही ग्रॅम औषध पोटात जावे लागते. ते तीन ग्रॅम धरू. १९८५ च्या मोजणीतील चढे आकडे मान्य केले, तरी तेवढे सॅलिसिलेट मिळवण्यासाठी एका दिवसात जवळपास चाळीस किलो बेदाणे खावे लागतील. हळद खायची म्हटली तर सुमारे चार किलो. मूठभर बेदाण्यात, म्हणजे पंचवीस ग्रॅममध्ये, दोन मिलिग्रॅमही सॅलिसिलेट नसते. भाजीतल्या चमचाभर हळदीत तेवढेच, आणि ती भाजी चौघांत वाटली जाते. ताज्या द्राक्षांत तर बेदाण्याच्या मानाने ते बरेच कमी. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा भाव काहीही निघो, कर्णनादाचा ठपका त्याच्यावर ठेवण्यास आधार नाही. ज्यांना ॲस्पिरिनचे वावडे असून त्याने दमा उसळतो, अशा मोजक्या रुग्णांची गोष्ट निराळी. त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

हा हिशेब समजून घेणे आणखी एका कारणासाठी गरजेचे आहे. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी दिली जाते. 'ॲस्पिरिनने कान वाजतात' एवढेच कानावर पडले, तर एखादा रुग्ण ती गोळी परस्पर बंद करण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत हृदयविकाराच्या झटक्याने मोजावी लागू शकते. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता, कमी मात्रेतील ॲस्पिरिन नियमित घेणाऱ्यांत कर्णनादाची जोखीम वाढलेली दिसली नाही. अंगदुखी-डोकेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणाऱ्यांत मात्र ती काहीशी वाढलेली आढळली.

चहा सोडावा का?

कर्णनादाच्या रुग्णाला सर्वांत आधी मिळणारा सल्ला चहा-कॉफी बंद करण्याचा. तो देणाऱ्यांत काही डॉक्टरही असतात. त्याची परीक्षा इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी घेतली आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. रोज चहा-कॉफी पिणाऱ्या ६६ कर्णनादग्रस्तांना महिनाभराच्या प्रयोगात काही काळ कॅफिनयुक्त आणि काही काळ कॅफिनविरहित पेये दिली गेली. कोणत्या दिवशी काय मिळते आहे, याचा पत्ता त्यांना लागू दिला नव्हता. कॅफिन बंद केल्याने कर्णनाद कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, सवय एकदम तोडल्यामुळे डोकेदुखी, मळमळ यांसारख्या तक्रारी वाढल्या.

पुढे २०१४ साली अमेरिकेतील ६५ हजारांहून अधिक परिचारिकांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासण्यात आल्या. दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४५० ते ५९९ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत नव्याने कर्णनाद सुरू होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी निघाले. २०२५ मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या आठ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. तेथेही फळे, तंतुमय पदार्थ, दुग्धजन्य पदार्थ आणि कॅफिन यांचे सेवन अधिक असलेल्यांत कर्णनाद कमी आढळला. अर्थात हे अभ्यास केवळ दोन गोष्टींची सोबत दाखवतात. कॉफी प्याल्याने कर्णनाद टळतो, असा त्याचा अर्थ काढणे ही पुन्हा तीच चूक ठरेल. पण चहा हा गुन्हेगार आहे, असे म्हणण्यास आता फारसा आधार उरलेला नाही.

तरीही सायंकाळनंतरच्या चहाबाबत सावध राहावे. कॅफिन झोप उडवते, आणि अपुरी झोप झाली की दुसऱ्या दिवशी कर्णनाद असह्य वाटतो. दोष चहाकडून झोपेकडे आणि झोपेकडून कानाकडे असा वळसा घेऊन येतो. रात्रपाळीच्या कामगाराने किंवा परीक्षार्थी मुलाने चहाचे कप मोजण्यापेक्षा झोपेचे तास मोजलेले बरे.

मीठ, मद्य, तंबाखू

मिठाबाबत एक अपवाद आहे. १८६१ साली प्रॉस्पर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णन केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात आंतरकर्णातील द्रवाचे संतुलन बिघडते. गरगरून चक्कर येते, कान भरल्यासारखा वाटतो, ऐकू कमी येते आणि कर्णनाद वाढतो. अशा रुग्णांना मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो. तोदेखील अनुभवावर आधारलेला आहे. मीठ, कॅफिन आणि मद्य कमी केल्याने या विकारात फरक पडतो का, हे तपासणारे काटेकोर प्रयोग शोधण्याचा प्रयत्न 'कॉक्रेन' या संस्थेने २०१८ साली केला, तेव्हा निकषांत बसणारा एकही प्रयोग हाती लागला नाही. इतर रुग्णांनी लोणचे, पापड आणि भडंगावर हात आखडता घ्यावा तो रक्तदाबासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे आणि रक्तदाब चढलेला असताना कानात ठोके जाणवणाऱ्यांना ती पाळल्याचा लाभ होऊ शकतो.

मद्याने काहींचा आवाज वाढतो, काहींचा तात्पुरता दबतो. झोपेची प्रत मात्र सर्वांचीच बिघडते. धूम्रपान करणाऱ्यांत कर्णनाद अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. सुपारी, गुटखा दिवसभर चघळणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. जबड्याचा सांधा कानाला अगदी लागून आहे. जबडा आवळला किंवा मान वळवली की अनेक रुग्णांचा आवाज बदलतो. तेव्हा त्रास पदार्थाच्या चवीने नव्हे, तर तो चावण्याच्या श्रमाने वाढलेला असू शकतो.

पूरक गोळ्यांचा बाजार

कर्णनादावर हमखास गोळी नाही, आणि जेथे हमखास गोळी नसते तेथे गोळ्यांचा बाजार मोठा असतो. सर्वांत गाजलेली गोळी म्हणजे जिंको बायलोबा या झाडाच्या पानांचा अर्क. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हजाराहून अधिक रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे जिंको आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. जिंको निरुपद्रवी आहे, असेही नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

जस्ताची तीच कथा. २०१६ साली झालेल्या आढाव्यात तीन प्रयोगांतील २०९ रुग्णांची माहिती तपासली गेली आणि जस्ताने कर्णनाद सुधारतो, असे म्हणण्याजोगा पुरावा सापडला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, जस्त व इतर पूरक आहार दीर्घकाळ त्रासदायक ठरलेल्या कर्णनादासाठी सुचवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ५३ देशांतील १,७८८ रुग्णांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे २३ टक्के लोकांनी पूरक गोळ्या घेतल्या होत्या. घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांना काहीच फरक जाणवला नाही, १९ टक्क्यांना बरे वाटले आणि १० टक्क्यांचा त्रास वाढला. निर्गुण गोळी दिली तरी काही जणांना बरे वाटतेच, हे लक्षात घेता हा १९ टक्क्यांचा आकडा फारसा आश्वासक नाही.

हळदीचा उल्लेख येथे पुन्हा करावा लागतो. एकेकाळी हरिपूरच्या पेवांत साठवली जाणारी हळद आता 'करक्युमिन'च्या कॅप्सूलमधून अनेक पटींनी संहत होऊन बाजारात येते आणि तिच्या जोडीला मिऱ्यातील पायपरिन घालून ती रक्तात अधिक प्रमाणात उतरेल, अशी योजना केलेली असते. स्वयंपाकातील हळद आणि ही कॅप्सूल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इटलीत २०१९ साली हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृतदाह झाल्याने तेथील यंत्रणेला इशारा द्यावा लागला होता. भाजीतल्या हळदीला घाबरून ती बंद करायची आणि सुजेवर चांगली म्हणून तिचीच कॅप्सूल सुरू करायची, ही उलटी गंगा झाली.

मग पूरक गोळ्या कोणालाच नकोत का? तसे नाही. रक्तचाचणीत कमतरता सिद्ध झाली असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. शाकाहारी लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते आणि बी-१२ हे मज्जातंतूंसाठी आवश्यक आहे. आवाज-बाधित सैनिकांच्या १९९३ सालच्या एका इस्रायली अभ्यासात कर्णनाद असलेल्यांपैकी ४७ टक्के जणांत ही कमतरता दिसली होती. रक्तक्षयात, विशेषतः स्त्रियांत, रक्ताचा वेग वाढून नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड ऐकू येते. लोहाची गोळी तेथे खरोखरच काम करते. थायरॉइडच्या विकारांचाही या यादीत विचार होतो. तपासणी आधी आणि गोळी नंतर, हा क्रम पाळला गेला पाहिजे. आणि बाटलीवरील मजकूर एकदा भिंगातून वाचावा. २०१६ च्या नियमांनुसार अशा उत्पादनांच्या वेष्टनावर ती औषधी वापरासाठी नसल्याचे छापणे बंधनकारक आहे.

खरा संशय घ्यायचा तो काही औषधांवर. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शने, कर्करोगावरील सिसप्लॅटिन, हिवतापावरील क्विनाइन, मोठ्या मात्रेतील फ्युरोसेमाइड यांनी कानावर परिणाम होऊ शकतो. उपचार चालू असताना कानात आवाज सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. क्षयरोगासारख्या आजारात औषध परस्पर बंद करणे हे आवाजाइतकेच, किंबहुना अधिक घातक असते. लसूण घालून तापवलेले तेल कानात ओतण्याची घरगुती रीतही टाळावी. पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते. आयुर्वेदातील कर्णपूरण करायचे असल्यास तेही कानाची तपासणी झाल्यावर वैद्यांच्या देखरेखीखाली करावे. अनेकदा तर कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते आणि तो काढताच आवाज थांबतो.

ताणाचे दुष्टचक्र

कर्णनाद उचल खाण्यामागे सर्वाधिक वेळा हात असतो तो मानसिक ताणाचा. पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार कानातील क्षीण संदेशाला मेंदूतील भावना आणि भय सांभाळणारी केंद्रे 'धोका' असे लेबल लावतात. धोक्याकडे दुर्लक्ष करणे मेंदूच्या स्वभावात नाही. त्यामुळे लक्ष आवाजाकडे जाते, लक्ष गेल्याने तो मोठा वाटतो, मोठा वाटल्याने भीती वाढते, झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज दुप्पट वाटतो. यंत्राने मोजले तर आवाजाची पातळी अनेकदा फारशी बदललेली नसते. बदललेली असते ती सहनशक्ती. स्वीडनमध्ये बारा हजारांहून अधिक लोकांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मोठ्या आवाजाइतकाच ताणाचाही कर्णनादाशी संबंध असल्याचे दिसून आले होते.

या जिल्ह्यांत ताणाची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पावसाने झोडपलेली द्राक्षबाग, थकलेले उसाचे बिल, स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न, ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलेली कृष्णा आणि त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यात नदीच्या पातळीकडे लागलेले डोळे. अशा काळात माणूस जबडा आवळून झोपतो, जेवणाच्या वेळा चुकवतो, चहा अधिक पितो आणि वेदनाशामक गोळ्याही घेतो. मग आवाज वाढला की शेवटी लक्षात राहतो तो फक्त चहा.

गणेशोत्सवाच्या विसर्जन मिरवणुकीचे उदाहरण अधिक बोलके आहे. रात्रभर जागरण, ध्वनिवर्धकांच्या भिंतींसमोर तास-दोन तास नाच, मधेच टपरीवरचा वडापाव आणि चार कप चहा. सकाळी कान वाजू लागले की घरातले म्हणतात, बाहेरचे तेलकट खाल्ले. वास्तविक ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीतील भिंतींपुढे पंधरा मिनिटे कधी सरतात ते कळतही नाही. निर्दोष वडापावाला शिक्षा होते आणि पुढच्या वर्षी तोच तरुण त्याच भिंतीपुढे उभा असतो. विट्याचे यंत्रमाग, कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री, साखर कारखान्यांची गिरणघरे येथील कामगारांसाठी तर हा रोजचा प्रश्न आहे. मोठ्या आवाजामुळे येणारी श्रवणहानी कायद्यात सूचनीय रोग म्हणून नोंदलेली आहे. ही बाब किती कामगारांना ठाऊक असते, हा वेगळ्या वृत्ताचा विषय.

ताण कमी करा, असे सांगणे सोपे असते. परंतु येथे त्याला ठोस उपाय उपलब्ध आहे. नेदरलँड्समध्ये ४९२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आवाजाविषयीचे विचार आणि वर्तन बदलण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या मानसोपचारामुळे रुग्णांचे जगणे सुसह्य झाल्याचे आढळले. २०२० सालच्या 'कॉक्रेन' आढाव्यातही २८ अभ्यासांच्या आधारे, या उपचाराने कर्णनादाचा त्रास कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. या उपचाराने आवाज थांबत नाही, त्याचा जाच कमी होतो. मानसोपचाराचे नाव काढले की 'मी वेडा आहे का?' असा प्रतिप्रश्न आपल्याकडे येतो. कान वाजणारा माणूस वेडा नसतो आणि त्याचा आवाज काल्पनिकही नसतो.

दुसरा उपाय आवाजाचाच. पूर्ण शांतता कर्णनादाच्या रुग्णाला मानवत नाही. रात्री पंख्याची घरघर किंवा रेडिओवरचे मंद संगीत असले की मेंदूला तुलना करायला काहीतरी मिळते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो. मिरजेच्या तंतुवाद्यांना, सतार आणि तानपुऱ्याला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. झोपताना तानपुऱ्याचा अखंड षड्ज मंद लावून ठेवण्यासारखा सोपा आणि बिनखर्चिक प्रयोग या भागातील रुग्णाने करून पाहण्यास हरकत नाही. आवाज कर्णनादापेक्षा किंचित खाली असावा, त्याला बुडवून टाकणारा नसावा.

संशय असेल तर

एखाद्या पदार्थानेच आपला त्रास वाढतो, असे कोणाला ठामपणे वाटत असेल तर ते उडवून लावण्याचे कारण नाही, कारण माणसामाणसांत फरक असतो. मात्र पडताळा नीट घ्यावा. एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद करावा, मग पुन्हा सुरू करावा, पुन्हा बंद करावा. प्रत्येक वेळी तोच परिणाम दिसला तरच त्याच्यावर संशय घ्यावा. शक्य असल्यास घरातल्या कोणीतरी न सांगता तो पदार्थ द्यावा. वहीत पदार्थाबरोबर झोपेचे तास, दिवसभरातील आवाज आणि मनःस्थितीही लिहावी. अन्यथा वही खोटे बोलते. ही वही महिन्याभरापुरतीच ठेवावी. रोज रात्री आवाजाला गुण देत बसल्यास लक्ष आवाजावरच खिळून राहते.

काही लक्षणांत पथ्याचा विचारही न करता तज्ज्ञाकडे धाव घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे ही तातडीची बाब आहे. त्यावर पहिल्या काही दिवसांतच औषध सुरू व्हावे लागते आणि 'सर्दीने कान बसला असेल' म्हणून आठवडा घालवणे महागात पडते. एकाच कानातील सततचा आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, सोबत भोवळ किंवा चेहऱ्याचा वाकडेपणा, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेला आवाज यांचीही त्वरित तपासणी व्हावी.

१८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून हे गाव दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांचा आधार आहे. १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शासकीय रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात कानाची तपासणी आणि श्रवणालेख हे पहिले टप्पे. आवाजामुळे झोप पूर्ण उडाली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. आयुर्वेदिक काढे, ताकदीच्या गोळ्या आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या बाटल्याही त्याच पिशवीत असाव्यात. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी त्या टेबलावर काढून ठेवाव्यात.